गोळी काही तासांत पोचते, मग बरं वाटायला महिना का लागतो?

डिप्रेशनची गोळी सुरू केलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते. आठ-दहा दिवस झाले, फरक काहीच नाही, उलट मळमळतंय, डोकं जड झालंय, झोपेचं पण खोबरं झालंय, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतंच की कशाला घेतोस असल्या गोळ्या, सवय लागते, बंद कर. बरेच जण तिथेच बंद करतात. पण एस्सिटॅलोप्रॅम म्हणा, सर्ट्रालिन म्हणा, फ्लुओक्सेटिन म्हणा, या गोळ्यांना मेंदूत ज्या जागी जाऊन बसायचं असतं तिथे त्या पहिल्या काही तासांतच जाऊन बसलेल्या असतात. काम सुरू झालेलं असतं. मग माणसाला बरं वाटायला दोन, चार, कधी सहा आठवडे का लागावेत?

हा एक प्रश्न नीट धरून ठेवला तर डिप्रेशनमध्ये शरीरात नेमकं काय होतं यातलं बरंचसं कळतं, आणि "मेंदूतलं केमिकल कमी झालंय" हे जे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो ते किती अर्धवट आहे तेही कळतं.

आधी आजाराबद्दल थोडं. निकाल लागला नाही, नोकरी गेली, घरात कुणी गेलं, की माणूस खचतो, तो आजार नाही. डॉक्टर डिप्रेशन म्हणतात ते जवळपास रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे टिकलेलं असतं, त्यात उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं यातलं एक तरी लागतंच, आणि सोबत झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, हालचाली मंद होणं, स्वतःला सतत दोष देणं, मरणाचे विचार अशा यादीतल्या गोष्टी, एकूण नवातल्या पाच. आता नवातल्या कुठल्याही पाच म्हटल्यावर किती प्रकार होतात बघा, एकाला झोपच येत नाही, दुसरा दिवसाचे बारा तास झोपून असतो, एकाची भूक मेलेली तर दुसरा सारखा खातोय, आणि दोघांच्या फाइलवर एकच नाव. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातल्या ३,७०३ पेशंटची लक्षणं दोन संशोधकांनी २०१५ मध्ये पुन्हा मांडून पाहिली तर लक्षणांच्या १,०३० वेगवेगळ्या जुळण्या निघाल्या. त्यामुळे "डिप्रेशनचं कारण काय" याला एका ओळीचं उत्तर द्यायला कुणी लागला की मी तरी जरा सावध होतो.

एका ओळीचं उत्तर आलं कुठून, ती गोष्ट मात्र भारी आहे आणि तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती, तिचं मूळ त्यांनी ब्लडप्रेशरच्या पेशंटना देऊन पाहिलं आणि १९४९ मध्ये त्याचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. जगभरातल्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लोकांनी त्या मुळातून रिसर्पिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं, ते सगळीकडे बीपीसाठी जायला लागलं, आणि थोड्याच वर्षांत रिपोर्ट यायला लागले की काही पेशंट त्यावर अगदी खचल्यासारखे होतायत. प्राण्यांवर प्रयोग केले तर दिसलं की रिसर्पिन दिल्यावर मेंदूतले सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनलिन, डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रेणूंचे साठे रिकामे होतात.

त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड नावाचं नवीन औषध देत होते. टीबीचं जे व्हायचं ते झालं, पण जे पेशंट महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेले होते ते हसायला, बोलायला, वॉर्डात फिरायला लागले. हे औषध सेरोटोनिन आणि त्याच्या भाऊबंदांना मोडणारं एन्झाइम अडवतं हे कळलेलं होतं. म्हणजे इकडे साठे रिकामे केले की माणूस खचतो, तिकडे साठे वाढवले की उठून बसतो. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअॅड्रिनलिनच्या बाजूने ही मांडणी केली, १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये अॅलेक कॉपन यांनी सेरोटोनिनच्या बाजूने, आणि १९८७ च्या शेवटी फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत मंजुरी मिळाल्यावर तर सेरोटोनिन हा शब्द दिवाणखान्यात आला. चित्र इतकं सुबक होतं की त्यातली एक भेग बरीच वर्षं कुणी फारशी मनावर घेतली नाही, ती म्हणजे १९५५ मध्येच लंडनमध्ये झालेल्या एका ट्रायलमध्ये चिंतेने आणि उदासीने ग्रासलेल्या पेशंटना रिसर्पिन दिल्यावर ते खचण्याऐवजी थोडे सुधारले होते.

आता जरा जवळून बघू. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यातल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या फक्त काही लाख, आणि त्या मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वरच्या बाजूला जो देठ असतो त्याच्या मधोमध बसलेल्या असतात. तिथून त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरतात. एका पेशीचा धागा जिथे दुसरीजवळ संपतो तिथे दोघींमध्ये अगदी सूक्ष्म फट असते. सिग्नल आला की पहिली पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, पलीकडच्या पेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते घ्यायला असलेल्या खाचेत, ते बसतं, निरोप पोचतो, आणि मग पहिली पेशीच उरलेलं सेरोटोनिन आपल्या पंपाने परत ओढून घेते, पुन्हा वापरायला. वरती ज्या गोळ्यांची नावं घेतली त्या हा पंप अडवतात. पंप अडला की फटीतलं सेरोटोनिन जास्त वेळ टिकतं. एवढंच. आणि हे पहिल्याच दिवशी होतं.

(जाता जाता, शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या वर सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे रक्तातलं सेरोटोनिन मोजून डिप्रेशन कळत नाही, आणि केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणून केळी खा असं सांगणारे जे व्हिडिओ फिरतात ते सोडून द्या. केळं खा, चांगलं असतं, पण त्यासाठी नको.)

बरं, मुळात सेरोटोनिन कमी असल्यामुळेच डिप्रेशन येत असेल तर निरोगी माणसाचं सेरोटोनिन मुद्दाम कमी केलं की तो उदास व्हायला पाहिजे. हा प्रयोग झालाय. सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून, जे आपल्याला जेवणातूनच मिळतं, तर ट्रिप्टोफॅन वगळून बाकी अमिनो आम्लांचं पेय पाजलं की काही तासांत मेंदूत सेरोटोनिन बनणं घटतं. निरोगी लोकांना हे दिलं तर बहुतेकांच्या मूडला ढिम्म फरक पडत नाही. पण ज्यांना आधी डिप्रेशन होऊन गेलंय आणि जे या गोळ्यांवर सावरलेत, त्यांच्यातले बरेच जण त्या दिवसापुरते पुन्हा घसरतात. म्हणजे सेरोटोनिनचा संबंध आहे, पण "कमी झालं म्हणून आजार" इतका सरळ नाही. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी असतं याला ठोस पुरावा नाही, आणि लगेच "गोळ्या म्हणजे थोतांड" अशा बातम्या सुटल्या. ही उडी चुकीची आहे. कारण काय आहे आणि औषध चालतं का हे दोन वेगळे प्रश्न. दुसऱ्या प्रश्नावर २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ५२२ ट्रायल्स आणि १,१६,४७७ लोकांचा आढावा आला होता, त्यात तपासलेली २१ च्या २१ औषधं नकली गोळीपेक्षा सरस निघाली. सरासरी फरक फार मोठा नव्हता हेही तितकंच खरं. कुणाला अगदी आयुष्य परत मिळाल्यासारखं होतं, कुणाला थोडंफार, कुणाला काहीच नाही, आणि पहिल्याच औषधावर पूर्ण बरे होणारे साधारण तिघांतले एक.

मग मधले ते आठवडे कुठे जातात?

पहिलं म्हणजे मेंदू लगेच विरोध करतो. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींच्या स्वतःच्या अंगावरही सेरोटोनिनचे रिसेप्टर असतात, त्यांचं काम पहारेकऱ्याचं, आजूबाजूला सेरोटोनिन वाढलेलं दिसलं की ते पेशीला सांगतात, पुरे, आता कमी सोड. गोळी सुरू केल्यावर नेमकं हेच होतं, पंप अडल्यामुळे सेरोटोनिन वाढतं आणि त्यामुळे पेशी आपलं काम मंद करते. दोन-तीन आठवडे हे असंच राहिलं की पहारेकरी सुस्तावतात, पेशी पुन्हा नेहमीच्या वेगाने चालायला लागते, पंप मात्र अडलेलाच, आणि आता कुठे निरोप खऱ्या अर्थाने वाढतो. शिवाय साइड इफेक्ट पहिल्या आठवड्यातच हजर, कारण आतड्यातल्या रिसेप्टरांना कसलीच वाट बघायची नसते. माणसाला वाटतं त्रास तेवढा झाला, फायदा काहीच नाही.

दुसरं मला स्वतःला जास्त पटतं. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांच्या गटाने दाखवलं की मूड सुधारायच्या कितीतरी आधी, अगदी पहिल्या काही दिवसांत, माणूस समोरच्याचा चेहरा कसा वाचतो ते बदलायला लागतं. डिप्रेशनमध्ये साधा कोरा चेहराही नाराज वाटतो, गोळी सुरू झाल्यावर आनंदी चेहरे जास्त अचूक ओळखता येतात, वाईट शब्दांपेक्षा चांगले शब्द जरा जास्त लक्षात राहतात. पण हे त्या माणसाला स्वतःला जाणवत नाही. बायको "चहा घेणार का" म्हणाली ती वैतागून म्हणाली नाही, ऑफिसात दोघं हसत होते ते आपल्यावर हसत नव्हते, अशा बारीकसारीक गोष्टी रोज थोड्या वेगळ्या नोंदल्या जातात आणि त्या साठून मूड हलायला आठवडे जातात. याचा अर्थ असाही की गोळी घेऊन खोलीत दार लावून बसलेल्या माणसाकडे नवीन नोंदायला फारसं काही येतच नाही.

तिसरं म्हणजे खुद्द पेशींची वाढ, पण त्यासाठी आधी ताणाची यंत्रणा बघायला लागेल.

ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी रक्तातून किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना कळवते, आणि त्या कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सोडतात. कॉर्टिसॉल वाईट नाही, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात ते सगळ्यात जास्त असतं, म्हणून तर आपण अंथरुणातून बाहेर पडतो, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी. मुद्दा ते थांबतं कसं हा आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की फ्लोट वर येतो आणि पाणी आपोआप बंद होतं ना, तसंच इथे, कॉर्टिसॉल पुरेसं झालं की ते स्वतःच मेंदूतल्या रिसेप्टरवर बसतं आणि वरून येणारा हुकूम बंद होतो. हे रिसेप्टर हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात भरपूर असतात, जो भाग आठवणी आणि प्रसंगांचा संदर्भ सांभाळतो. डिप्रेशनच्या बऱ्याच पेशंटमध्ये, विशेषतः गंभीर प्रकारात, हा फ्लोट अडकलेला सापडतो. टाकी भरून वाहतेय आणि पाणी चालूच. रात्री खाली यायला पाहिजे ते कॉर्टिसॉल खाली येत नाही, पहाटे तीन-चारला खाडकन जाग येते, सकाळ सगळ्यात वाईट जाते आणि संध्याकाळी जरा हलकं वाटतं.

कॉर्टिसॉल नुसतं सोबत असतं की खरंच काही करतं? कुशिंग नावाच्या आजारात वेगळ्याच कारणाने, बहुतेकदा गाठीमुळे, शरीर कॉर्टिसॉलचा पूर आणतं आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशंटना डिप्रेशन येतं. हे बऱ्यापैकी सूचक आहे.

फ्लोट काहींचा लवकर का अडकतो यावर कॅनडातल्या मॉन्ट्रियलला मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांवर फार सुंदर काम केलंय. काही उंदरिणी पिल्लांना खूप चाटतात, गोंजारतात, काही फारसं नाही. ज्यांना भरपूर चाटलं ती पिल्लं मोठी झाल्यावर ताणातून लवकर शांत होतात, कारण त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसॉलचे रिसेप्टर जास्त असतात. आता म्हणाल हे आईच्या जनुकांमुळे असेल, तर त्यांनी पिल्लांची अदलाबदल करून पाहिली, आणि पिल्लू जन्म देणाऱ्या आईवर न जाता वाढवणाऱ्या आईवर गेलं. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकावरचे रासायनिक टॅगच बदललेले असतात, जनुक तेच, फक्त किती वाचलं जाणार ते पहिल्या आठवड्यातल्या चाटण्याने ठरलेलं. माणूस उंदीर नाही हे मान्य, पण लहानपणी मार, हेळसांड, छळ सोसलेल्यांना पुढे डिप्रेशनचा धोका जास्त असतो हे माणसांतही पुन्हा पुन्हा दिसलंय.

जनुकांचं म्हणाल तर जुळ्यांच्या अभ्यासावरून डिप्रेशनच्या धोक्यातला साधारण ३७ टक्के भाग आनुवंशिक धरतात, डायबेटिस किंवा बीपीसारखंच घराण्यात थोडं चालत येतं. २००३ मध्ये सेरोटोनिनच्या पंपाचं एक जनुक सापडलं म्हणून खूप गाजावाजा झाला होता, मोठ्या अभ्यासांत ते टिकलं नाही. आता शेकडो जागा सापडल्यात आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. "डिप्रेशनचं जनुक" असं काही नाही.

तर तिसरं कारण. कॉर्टिसॉल महिनोन् महिने चढलेलं राहिलं की हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात, त्यांच्यावरचे बारीक फुटवे, जिथे दुसऱ्या पेशींशी जोड असतो, ते झडतात, आणि पेशींना जगवणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन कमी होतं. हे प्राण्यांत स्पष्ट दिसतं. माणसांत स्कॅनवर दिसतं ते असं की डिप्रेशनच्या पेशंटचा हिप्पोकॅम्पस सरासरीने थोडा लहान असतो, हजारो लोकांच्या एका एकत्रित अभ्यासात हा फरक सव्वा टक्क्याच्या आसपास निघाला. म्हणजे स्कॅन बघून कुणाला डिप्रेशन आहे हे ओळखता येणार नाही इतका कमी. "डिप्रेशनने मेंदू आकसतो" असले मथळे वाचून घाबरू नका.

आणि गोळ्यांनी हेच उलट्या दिशेने जायला लागतं, बीडीएनएफचा सिग्नल वाढतो, फुटवे परत येतात, उंदरांत तर नवीन पेशी जन्मतात, आणि नवीन पेशी तयार होणं एक्स-रेने थांबवलं तर काही प्रयोगांत औषधाचा परिणामच दिसला नाही. २०२१ मध्ये हेलसिंकीच्या एरो कास्ट्रेन यांच्या गटाने दाखवलं की ही औषधं बीडीएनएफच्या रिसेप्टरलाच थेट जाऊन चिकटतात. म्हणजे पंप अडवणं हा त्यांच्या कामाचा एक भाग, कदाचित मुख्य भागही नसेल. पेशीला फांदी फुटायला आणि जोड पक्का व्हायला वेळ लागतोच, तो गोळी दुप्पट करून कमी होत नाही.

यावर एक चांगला आक्षेप आहे, त्याचं नाव केटामिन. भूल देण्याचं जुनं औषध. २००० साली येल विद्यापीठात फक्त सात पेशंटवर छोटा प्रयोग झाला आणि त्यात काही तासांत ते तीन दिवसांत लक्षणं उतरली. केटामिनचा सेरोटोनिनशी सरळ संबंध नाही, ते ग्लुटामेट या मेंदूतल्या सगळ्यात जास्त वापरात असलेल्या निरोप्याच्या रिसेप्टरवर काम करतं. मग फुटवे वाढायला वेळ लागतो त्याचं काय? २०१९ मध्ये उंदरांवर याचं उत्तर आलं. केटामिननंतर वागण्यातला फरक आधी दिसतो आणि झडलेले फुटवे अर्ध्या-एक दिवसाने परत येतात, पण हे नव्याने आलेले फुटवे प्रकाशाच्या तंत्राने मुद्दाम काढून टाकले तर झालेली सुधारणा टिकत नाही. थोडक्यात, सर्किट हलवायला तास पुरतात, ते हललेलं टिकवायला जोड लागतात. त्याच वर्षी त्याच्या भावंडाला, एस्केटामिनच्या नाकातल्या स्प्रेला, अमेरिकेत मंजुरी मिळाली, तीही क्लिनिकमध्ये बसवून, दोन तास नजर ठेवून द्यायची अशा अटीवर, कारण डोकं भिरभिरतं, बीपी चढतं आणि नशेचा धोका आहे. घरी करून बघायची गोष्ट नाही ही.

आता प्रतिकारशक्तीकडे येऊ, मला हा भाग सगळ्यात रोचक वाटतो. फ्लू झाल्यावरचे दोन दिवस आठवा. काही खावंसं वाटत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, अंगात त्राण नाही, लक्ष लागत नाही, नुसतं पडून राहावं. हे विषाणू करत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती सायटोकाइन नावाचे रेणू सोडून मेंदूला सांगते की गप पड, ताकद वाचव. आता हीच यादी डिप्रेशनच्या यादीशेजारी ठेवून बघा.

हे नुसतं साम्य आहे की कारण, त्याचा नकळत झालेला प्रयोग म्हणजे इंटरफेरॉन. हिपॅटायटिस सी आणि काही कॅन्सरमध्ये पूर्वी इंटरफेरॉन अल्फाची इंजेक्शनं महिनोन् महिने द्यायचे, हा सायटोकाइनच. ज्यांना आधी कधी डिप्रेशन नव्हतं अशा कितीतरी जणांना त्यावर पूर्ण डिप्रेशन यायचं, आणि इंजेक्शन थांबवलं की बहुतेकांचं उतरायचं. २००१ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशंटवर एक ट्रायल झाली, इंटरफेरॉन सुरू करायच्या दोन आठवडे आधी निम्म्यांना पॅरोक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी आणि निम्म्यांना नकली. नकली गोळीवाल्या २० पैकी ९ जणांना डिप्रेशन आलं, पॅरोक्सेटिनवाल्या १८ पैकी दोघांना. मूड कुठल्या दुःखामुळे गेला नव्हता, सुईतून गेला होता. पुढे हेही कळलं की सूज असली (म्हणजे प्रतिकारशक्ती अशी चेतलेली असली, बाहेरून दिसणारी सूज नव्हे) की शरीर ट्रिप्टोफॅन सेरोटोनिनकडे न पाठवता कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्याच द्रव्याच्या वाटेला वळवतं, आणि त्या वाटेवर तयार होणारी काही द्रव्यं थेट ग्लुटामेटच्या रिसेप्टरला डिवचतात. म्हणजे सेरोटोनिन, ग्लुटामेट, ताण, सूज हे सगळे एकाच वाड्यात राहतायत.

मग सगळ्यांना सूज उतरवायचं औषध द्यायचं का? करून पाहिलं. २०१३ मध्ये ६० पेशंटवर इन्फ्लिक्सिमॅब हे संधिवातात वापरतात ते इंजेक्शन देऊन बघितलं, एकूण गटात नकली औषधापेक्षा काही फरक नाही, पण ज्यांच्या रक्तात सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं प्रथिन, मुळात जास्त होतं त्यांच्यात फायद्याची चिन्हं दिसली. डिप्रेशनच्या सगळ्याच पेशंटमध्ये सूज नसते, काहींच्यात असते, आणि बहुधा ज्यांचा फ्लोट अडकलाय ते आणि ज्यांना सूज आहे ते अर्धवट वेगळेच लोक आहेत.

बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आणखी वेगळ्या वाटेने येतं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं अॅलोप्रेग्नॅनोलोन खूप वाढलेलं असतं, ते मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा रिसेप्टरना हात देतं, आणि प्रसूती झाली की काही दिवसांत धाडकन खाली येतं. बहुतेक बायकांचा मेंदू जुळवून घेतो, काहींचा घेत नाही. ह्याच द्रव्याचं औषध २०१९ मध्ये अमेरिकेत सलाइनमधून द्यायला मंजूर झालं, २०२३ मध्ये त्याच जातीची गोळी आली, १४ दिवसांचा कोर्स. इतकं गोंडस बाळ झालंय आणि ही रडतेय काय, असं म्हणणाऱ्या सासवांना आणि माहेरच्यांनाही हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

डॉक्टरकडे गेल्यावर आधी थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन तपासायला सांगतात ते उगाच नाही. थायरॉइड मंदावलं की हुबेहूब डिप्रेशनसारखं चित्र दिसतं, आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता सर्रास आहे. पण खुद्द डिप्रेशनची रक्तचाचणी नाही. १९८१ मध्ये मिशिगनच्या बर्नार्ड कॅरोल यांनी रात्री डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्याच कृत्रिम द्रव्याची गोळी देऊन दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल दबतं का ते बघायची टेस्ट मांडली, फ्लोटचीच टेस्ट म्हणा ना, गंभीर पेशंटमध्ये निम्म्यांच्या आसपास ती पॉझिटिव्ह यायची, पण निम्म्यांत यायची नाही, आणि नुसतं वजन घटलेल्या माणसातही यायची. मागे पडली. म्हणून डॉक्टर अजूनही प्रश्नच विचारतात.

"मन रमव जरा", "बाहेर पड", "सुख बोचतंय तुला" हे सगळं ऐकलेल्यांसाठी एक गोष्ट. काहीतरी छान होणार आहे म्हटल्यावर मेंदूत जो भाग पेटतो, बक्षिसाची यंत्रणा, ती डिप्रेशनमध्ये मंद प्रतिसाद देते हे स्कॅनवर दिसतं. म्हणजे जो भाग चालत नाही त्यालाच आपण सांगतोय की चाल. व्यायामाचा डिप्रेशनमध्ये उपयोग होतो, नक्की होतो, पण उत्साह येईल मग उठू अशी वाट बघितली तर तो येत नाही. म्हणून थेरपीत उलटं करतात, आज फक्त बिल्डिंगच्या गेटपर्यंत जाऊन यायचं, मन असो नसो, आणि काय वाटलं ते लिहून ठेवायचं. बोलण्याच्या उपचारानेही मेंदूच्या कामात मोजता येण्यासारखे बदल होतात, त्यामुळे "गोळी की काउन्सेलिंग" हे भांडण मला कळत नाही, मध्यम आणि गंभीर आजारात दोन्ही मिळून जास्त चांगलं चालतं.

सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल घरच्यांनी एक लक्षात ठेवा. अंगातली ताकद कधी कधी मूडच्या आधी परत येते, आणि २५ च्या आतल्या वयात पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात माणसाला एकटं सोडायचं नाही, सरळ विचारायचं, आणि डॉक्टरला लगेच कळवायचं. १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आता शेवटचा प्रश्न, सवय लागते का. व्यसन लागतं तसं नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, गोळीसाठी जीव कासावीस होत नाही. पण मेंदूने अडलेल्या पंपाशी जुळवून घेतलेलं असतं, त्यामुळे अचानक बंद केली तर गरगरणं, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असं होऊ शकतं. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिनवर जास्त, कारण ती शरीरातून पटकन जातात, फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं म्हणून त्यावर कमी. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात, आणि मग हळूहळू उतरवायची. त्यात एक अडचण अशी की डोस आणि पंप अडण्याचं गणित सरळ नाही. सिटॅलोप्रॅम या त्याच जातीच्या गोळीचे २० मिलिग्रॅम घेतले की साधारण ८० टक्के पंप अडलेले असतात, ४० घेतले तरी त्यात थोडीच भर पडते. त्यामुळे ४० वरून २० वर येताना मेंदूला फारसं कळत नाही, पण शेवटच्या पाचावरून शून्यावर येताना एकदम कितीतरी पंप मोकळे होतात. लोक करतात नेमकं उलटं, सुरुवातीला सांभाळून उतरवतात आणि शेवटचा तुकडा "आता काय राहिलंय" म्हणून एकदम सोडतात, मग आठवडाभरात गरगरायला लागलं की आजार परत आला असं समजून घाबरतात. तो शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश, डॉक्टरला विचारून, लागलं तर अगदी लहान डोसवर काही आठवडे थांबत उतरवायचा असतो.